ढाळ कुणाकडे?

अंगणातल्या नालीला ढाळ किती द्यायचा, याचं उत्तर फोनवर दहा सेकंदांत मिळतं : शंभराला एक. म्हणजे शंभर फुटांत एक फूट उतार. एवढा असला की पाणी साचत नाही आणि गाळही बऱ्यापैकी वाहून जातो. पण उतार म्हणजे दोन बिंदूंच्या उंचीतला फरक. पहिला बिंदू आपल्या अंगणात असतो. दुसरा कुठे घ्यायचा, हे कुठलंच सूत्र सांगत नाही.

नागपुरात आमचं घर काळ्या मातीवर आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि पाणी लवकर मुरू देत नाही. पाणी जोत्याशी उभं राहायचं, म्हणून नाली हवीच होती. मिस्त्रींनी लेव्हल पाइप धरून दोन्ही बाजू मोजल्या. मागच्या कुंपणापर्यंत २० फुटांत ५ इंच उतार, म्हणजे ४८ ला एक. पुढे, रस्त्याकडेच्या नालीच्या तळापर्यंत ४० फुटांत जेमतेम अडीच इंच, म्हणजे १९२ ला एक. मागचं काम छोटं, स्वस्त आणि पाणी झटकन जाणार. पुढचं लांब, महाग आणि पाणी रेंगाळणार.

फक्त मागच्या कुंपणापलीकडे काकूंचं घर आहे. ते लेआउटमधलं सगळ्यात जुनं. नंतर येणाऱ्या प्रत्येकाने मुरमाची भर टाकून आपलं जोतं उंच केलं आणि काकू आपोआप खाली गेल्या.

बाबांचं म्हणणं सरळ होतं, "पाणी तर खालीच जाणार ना. आपण थोडी पाठवून राहिलो?"

हा युक्तिवाद वाटतो तितका लेचापेचा नाही. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा नागपूर ज्यात होतं त्या मध्य प्रांताला सुरुवातीपासूनच लागू होता. वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी खालच्या जमिनीवर नैसर्गिकपणे वाहू द्यावं लागतं, असं तोही सांगतो. पण 'नैसर्गिकपणे' हा शब्द तिथे उगाच आलेला नाही. शेजाऱ्याने बांधकाम करून पावसाच्या पाण्याची वाट बदलली, तर त्याच्याविरुद्ध दाद मागायची सोय प्राचीन रोमन कायद्यातही होती. नुसत्या उताराने आलेल्या पाण्याबद्दल मात्र तक्रार चालत नसे. म्हणजे पाणी खाली जातं यात दोष कुणाचाच नाही. प्रश्न आपण त्यात काय बदललं, हा आहे.

आम्ही काय बदलणार होतो, ते मोजता येतं. दीड हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे १४ हजार लिटर पाणी होतं. गच्चीवरच्या हजार लिटरच्या चौदा टाक्या. आजवर ते पसरून, थांबत, थोडं मुरत जायचं. नालीने ते कुंपणाच्या एकाच जागी, एकाच वेळी पोहोचलं असतं. वाहत्या पाण्याचा वेग उताराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. मागचा उतार पुढच्याच्या चौपट, म्हणजे तशाच नालीत, तेवढ्याच खोलीच्या पाण्याचा वेग दुप्पट. माझ्या कामात हे रोज दिसतं : दिवसभरात आरामात पेलल्या जाणाऱ्या रिक्वेस्ट एका मिनिटात आल्या की सर्व्हर झोपतो. एकूण आकडा तोच असतो.

१०० मिलिमीटर हा काल्पनिक आकडा नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत त्याहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत लोक झोपेत असताना पाणी घरात शिरलं. तो पूर कुणा एकाच्या अंगणातून आला नव्हता. पण आपलं पाणी लवकरात लवकर पुढे ढकलायचं, एवढाच विचार प्रत्येक घराने, प्रत्येक रस्त्याने केला, की सगळ्यात खालच्याच्या वाट्याला काय येतं, ते त्या पहाटे दिसलं.

यावर कुणी म्हणेल, रस्त्याकडे सोडलेलं पाणी तरी कुठे जातं? तेही नाग नदीतच, पुढे कन्हानला, मग वैनगंगेला, गोसेखुर्द धरणात. खरं आहे. 'बाहेर' नावाची जागा नकाशावर नाही. तरी फरक उरतो. रस्त्याकडेची नाली सगळ्यांची आहे. ती तुंबली तर कर भरणारा कुणीही आवाज उठवू शकतो, आणि त्यात काकूही आल्या. त्यांचं स्वयंपाकघर मात्र सार्वजनिक नाही, आणि त्यांना कुणी विचारलेलं नाही.

आम्ही नाली पुढे काढली. संथ उतारात पाणी अडू नये म्हणून गुळगुळीत अर्धा पाइप टाकला. छताचं पाणी त्यात न सोडता टाकीत घेतलं, म्हणजे जोराच्या पावसात भार थोडा कमी. खर्च वाढला, त्यावर बाबा अजून कुरकुरतात. १९२ ला एक उतारात गाळ बसतोच. तो दर वर्षी जूनच्या आत खराट्याने काढावा लागतो आणि ते काम माझ्याकडे आहे. मागे काढली असती तर तोच गाळ काकूंच्या दारात गेला असता आणि झाडायचं कामही त्यांचंच झालं असतं.

पुस्तकाच्या हिशेबात आमचा उतार कमी भरतो. पण त्याची उरलेली मेहनत आमच्याच अंगणात राहते, म्हणून माझ्या हिशेबात तो बरोबर आहे.