साक्ष

आमच्या मयूर विहारातील सोसायटीत राहणारा एक मराठी तरुण परवा भेटीस आला होता. कोठल्याशा मुलीवरील अत्याचाराविषयी त्याने मोबाईलवर लिहिलेला मजकूर पुष्कळांनी पुढे पाठविला होता. त्यातील तळमळीविषयी मला शंका नाही. मी विचारले, "मेट्रोत तुझ्या डोळ्यांदेखत कोणी एखादीची छेड काढली तर?" तो क्षणभर थांबला. "काका, एकदा पाहिले होते. मी पुढच्या स्थानकावर उतरलो."

हे उत्तर मला त्या मजकुराहून मोलाचे वाटले. तरीही असे लिहिणे म्हणजे नुसती तोंडाची वाफ, असे म्हणण्यास मी धजत नाही. डिसेंबर २०१२ मध्ये रायसीना टेकडीवर पाण्याचे फवारे व लाठ्या सोसणारी मुले एकमेकांना अशाच संदेशांनी बोलावून जमली होती. २०१३ मध्ये कायदा बदलला. पण १६ डिसेंबरच्या त्या रात्री ती मुलगी व तिचा मित्र महिपालपूरजवळ रस्त्याकडेला पडले असताना वाहने वेग कमी करीत, पाहत आणि निघून जात, असे त्या मित्राने पुढे सांगितले. शहर एकच होते.

संदेशाची परंपरा जुनी आहे, आणि तीत आपली माणसेही आहेत. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली घडलेल्या मथुरा प्रकरणातील पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोषमुक्त केले. तेव्हा उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. ते हातोहात पसरले, मोर्चे निघाले, १९८३ मध्ये कायद्यात सुधारणा झाली. ते पत्र दूरच्या कोणा अपराध्यास नव्हते. ज्या न्यायपीठाचे निवाडे ते वर्गात शिकवीत, त्याच्याच प्रमुखास होते. आणि खाली चार नावे होती.

हे सारे मी त्या मुलास आवेशाने सांगितले. सांगितले नाही ते निराळेच. काही वर्षांपूर्वी आमच्या कचेरीतील एका कनिष्ठ बाईंनी वरिष्ठाविरुद्ध तक्रार केली. समितीपुढे साक्षीदार हवा होता. तो प्रसंग घडला तेव्हा जिन्यात मी होतो. वार्षिक अहवालांचे दिवस होते, आणि माझा अहवाल त्याच वरिष्ठाच्या हाती. मी दौरा काढला. परतलो तो साक्षीअभावी प्रकरण मिटले होते आणि बाईंनी बदली मागितली होती. त्यांच्या निरोपसमारंभात मी चार शब्द बोललो. फार चांगले बोललात, असे सर्वांनी सांगितले.