कोळशांचा विस्तव
योहानाच्या शुभवर्तमानाचा 21वा अध्याय. रात्रभर शिष्यांचं जाळं रिकामं, आणि पहाटे येशूच्या एका शब्दासरशी त्यात 153 मोठे मासे! संत ऑगस्टीनने हा आकडा उलगडून पाहिला: 1 ते 17 ची बेरीज 153 भरते. मला तो कोळ्यांचाच वाटतो. किनाऱ्याला लागल्यावर मासळी मोजणारच ते.

माझं मन अडतं किनाऱ्यावरच्या विस्तवापाशी. कोळसे फुललेत, वर मासा, जवळ भाकर. या शुभवर्तमानात कोळशांचा विस्तव याआधी एकदाच दिसतो, महायाजकाच्या अंगणात. तिथंच पेत्र शेकत उभा होता, आणि त्याच रात्री त्याने येशूला नाकारलं होतं, तीनदा. आता पुन्हा तोच धूर, तीच ऊब. येशू आधी सगळ्यांना न्याहारीला बोलावतो. पेत्राला प्रेमाविषयी तीनदा विचारतो ते नंतर, पोटात घास गेल्यावर.