ध्यान: भिक्षूच्या कुटीतून गृहस्थाच्या घरात

बौद्ध ध्यानमार्गाचा मुख्य आधार म्हणजे सतिपट्ठान सुत्त. मज्झिम निकायात ते दहावे आहे. दीघ निकायात तेच विस्ताराने, महासतिपट्ठान या नावाने, बाविसावे येते. काया, वेदना, चित्त आणि धर्म या चार ठिकाणी जागरूक कसे राहावे, हे त्यात सांगितले आहे. आरंभ श्वासापासून होतो आणि लगेच पुढे रोजच्या हालचालींचा भाग येतो: पुढे जाताना, मागे फिरताना, हात आखडताना, चीवर पांघरताना, घास चावताना, शौचाला जाताना, बोलताना, गप्प बसताना आपण काय करतो आहोत याचे नीट भान असावे. या भानाला पालीत संपजञ्ञ, संस्कृतात संप्रजन्य म्हणतात. आसन घालून डोळे मिटण्याइतकेच महत्त्व इथे चालण्या-जेवण्याला आहे.

सुत्त भिक्षूंना उद्देशून आहे. पण ते जिथे सांगितले गेले त्या कुरु देशाबद्दल अट्ठकथा, म्हणजे सुत्तावरची जुनी टीका, एक मजेदार गोष्ट नोंदवते. तिथल्या बायका पाणवठ्यावर आणि सूत कातायच्या जागी भेटल्या की एकमेकींना विचारत, ‘बाई, तू कोणते सतिपट्ठान करतेस?’ कुठलेच नाही असे कुणी म्हणाले तर तिची कानउघाडणी होई. गोष्ट खरी असो वा रचलेली, ध्यान गृहस्थाच्याही आवाक्यातले आहे हे टीकाकारांना अमान्य नव्हते एवढे तीवरून कळते.

प्रत्यक्षात मात्र वाट अरुंद होत गेली. इ.स.च्या पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्ग’ रचला. ध्यानाचे चाळीस विषय, प्रत्येकाची पद्धत, कोणत्या स्वभावाला कोणता विषय मानवतो, असे सगळे तो काटेकोरपणे मांडतो. पण साधकाने आधी दहा अडथळे दूर करावेत, असे तो सांगतो; कुळ, नातलग आणि प्रवास हे त्यांतलेच. ध्यानाला अयोग्य अशा विहाराचे अठरा दोष दिले आहेत, त्यांत एक दोष शेताजवळ असण्याचा! भोवती शेते असली की लोक विहारातच खळे करतात, धान्य झोडपतात आणि भिक्षूची शांतता मोडते, हे कारण. ज्याचा दिवसच खळ्यावर जातो, तो या हिशेबातून आपोआप बाहेर पडला. गृहस्थाने दान द्यावे, शील पाळावे; ध्यान भिक्षूने करावे, अशी वाटणी बौद्ध देशांत शतकानुशतके टिकली.

ही वाटणी ब्रह्मदेशात सैल झाली. 1885 मध्ये इंग्रजांनी मंडालेचे राज्य जिंकले आणि धर्माचा राजाश्रय गेला. आता धर्म टिकवायचा तर तो सामान्य माणसाच्या हाती द्यावा लागेल, हे ओळखून लेडी सयाडो या विद्वान भिक्षूने गृहस्थांना अभिधम्म आणि ध्यान शिकवायला सुरुवात केली. त्यांच्या परंपरेतले सया तेत्जी शेतकरी होते. तेत्जींचे शिष्य ऊ बा खिन सरकारी हिशेब खात्यात होते. स्वतंत्र ब्रह्मदेशाचे ते महालेखापाल झाले आणि 1952 मध्ये त्यांनी रंगूनला ध्यानकेंद्र काढले. शेतकऱ्यापाठोपाठ हिशेबनीस आचार्य होतो, हा बदल कुठल्याही ग्रंथातल्या मतभेदापेक्षा मोठा म्हणायला हवा.

मराठीत हा विषय आणला धर्मानंद कोसंबी यांनी. गोव्यातल्या सांखवाळचे कोसंबी 1899 मध्ये घर सोडून निघाले. नेपाळ, श्रीलंका आणि ब्रह्मदेश असा प्रवास करून पाली शिकले. विसुद्धिमग्गाची नागरी लिपीतली आवृत्ती त्यांनी सिद्ध केली आणि ‘समाधिमार्ग’ हे छोटे पुस्तक लिहून तोच विषय सोप्या मराठीत आणला. पुढे परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभारला. शब्द आणि जागा, दोन्ही सामान्यांच्या जवळ आली.

ध्यानविचाराच्या या प्रवासातला एक टप्पा अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, भुईकोट किल्ल्यात आहे. ऑगस्ट 1942 मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे नेते तिथे स्थानबद्ध झाले. नेहरूंनी 1944 मध्ये याच किल्ल्यात ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, हे नगरकरांना पाठ असते. त्यांच्यासोबतचे आचार्य नरेंद्र देव बौद्ध तत्त्वज्ञ वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’वर काम करत होते, याची आठवण मात्र क्वचित निघते. फ्रेंच भाषांतरावरून त्यांनी तो हिंदीत आणला. त्यांचा ‘बौद्ध धर्म दर्शन’ हा ग्रंथ 1956 मध्ये निघाला आणि त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अभिधर्मकोशातला एक मुद्दा या विषयाला थेट भिडतो. प्रत्येक चित्तक्षणात असणारे दहा धर्म, म्हणजे मनाचे घटक, वसुबंधू देतो आणि स्मृती (पालीत सति, म्हणजे जागरूकता) व समाधी त्या दहांत आहेत. पाली अभिधम्म स्मृतीला फक्त शोभन (सुंदर) चित्ताशी जोडतो. वसुबंधूचे म्हणणे धरले, तर बाजारातल्या माणसाच्या मनातही स्मृतीचे आणि एकाग्रतेचे बीज आहेच. अभ्यासाने ते बळकट करायचे, बाहेरून आणायचे नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रश्नाचा रोखच बदलला. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि पुढच्या वर्षी त्यांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ प्रकाशित झाला. भिक्षू हा स्वतःपुरता पूर्ण पुरुष की समाजाचा सेवक, हा सवाल त्याच्या प्रस्तावनेतच आहे. ध्यानावस्थेत मनाचे अडथळे तात्पुरते थांबतात, पण मनाला हवे ते कायमचे वळण, असे बाबासाहेब मानतात. सम्यक समाधी म्हणजे चांगल्याचाच विचार करण्याची मनाची सवय. ध्यानाला त्यांचा विरोध होता असे काही जण सांगतात, ते अर्धवट वाचन आहे. माणसामाणसांतल्या वागण्यापासून तुटलेले ध्यान त्यांना नको होते.

ब्रह्मदेशातली ती परंपरा भारतात आणली ऊ बा खिन यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका यांनी. 1969 मध्ये ते भारतात आले, मुंबईत पहिले शिबिर झाले आणि 1976 पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर नियमित शिबिरे सुरू झाली. दहा दिवस मौन, पहाटे चारला उठणे, आधी आनापान (श्वासाकडे लक्ष) मग विपश्यना, शेवटी मैत्री. शुल्क नाही, फक्त ऐच्छिक दान. बौद्ध, हिंदू, जैन, मुसलमान, कैदी, पोलीस असे सगळे या शिबिरांत बसले. शासनाच्या ‘मित्र’ उपक्रमाने आनापान मराठी शाळांतही नेले. बौद्ध वस्त्यांमध्ये 1979 पासून त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाने आनापान आणि मैत्रीभावना शिकवली. तिथे ध्यानाबरोबर वसतिगृहे आणि बालवाड्याही होत्या, आणि बाबासाहेबांच्या आक्षेपाला दिलेले हे सर्वांत सरळ उत्तर होते. त्याच वर्षी अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी रुग्णांसाठी जागरूकतेवर आधारलेला अभ्यासक्रम सुरू केला. त्यातून दुखणेकऱ्यांना आराम मिळाला. पुढे कंपन्यांनी तो उचलला तेव्हा शील आणि सम्यक आजीविका मागे राहिली आणि कामाचा ताण सोसण्याचे तंत्र तेवढे उरले.

इगतपुरीचे यश मोठे असले तरी तिथे एक अट आहेच: दहा दिवस मोकळे हवेत. नोकरदार रजा काढतो. संगमनेरच्या दूध-उत्पादकाला सकाळ-संध्याकाळ धारा काढायच्या असतात, पाथर्डीचा ऊसतोड मजूर हंगामभर कोयत्यावर असतो. त्यांना अशी रजा मिळत नाही. विसुद्धिमग्गातला शेताजवळचा दोष अशा रीतीने नव्या वेषात परत आला आहे. उपाय सुत्तातच आहे, पण मराठी साधकवर्गाने ध्यान म्हणजे बैठक असे धरल्याने संप्रजन्याचा भाग दुर्लक्षित राहिला. धार काढताना, मोळी बांधताना हाताचे आणि मनाचे भान ठेवायला वेगळी जागा लागत नाही. शिकवणारा मात्र लागतो. ती सोय गावातच होऊ शकते. वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, ऐन खरिपात, महाराष्ट्रातल्या अनेक विहारांत बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. नगर जिल्ह्यातल्या विहारांनी वर्षावासाच्या या वाचनाआधी पंधरा मिनिटे आनापान आणि संप्रजन्याची ओळख ठेवावी. त्यासाठी कुणाला रजा काढावी लागणार नाही.