दुरुस्ती आणि नवलाई

मृगापूर्वीं कवेलू फेरून घेणें हा वऱ्हाडांतील जुन्या घरांचा परिपाठ. फुटलेलें कवेलू काढावें, त्या जागीं दुसरें बसवावें. घर मात्र तेंच राहावें. वाशीम जिल्ह्यांतील मेडशी या आमच्या गांवीं लहानपणीं पाहिलेला हा परिपाठ मला अलीकडे एका अगदीं निराळ्या प्रसंगीं आठवला.

माझा एक भाचा एका लहानशा संस्थेचा सर्व्हर सांभाळतो. म्हणजे सभासदांचीं खातीं ज्यावर आहेत आणि इतर संगणक ज्याच्याकडून माहिती मागून घेतात, तो मुख्य संगणक. त्यावर सेंटॉस ७ ही मुक्त कार्यप्रणाली आहे. मुक्त म्हणजे जिची घडण कोणासही वाचतां व बदलतां येते, अशी. तिला मिळणाऱ्या दुरुस्त्या ३० जून २०२४ रोजीं थांबल्या. त्याविषयीं विचारतांच तो म्हणाला, "मामा, चालत्या गाड्याला खीळ कशाला घालायची?"

हें उत्तर निव्वळ आळसाचें नव्हतें. ८ डिसेंबर २०२० रोजीं सेंटॉसच्या चालकांनीं जाहीर केलें कीं, जिला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळावयाच्या होत्या ती आठवी आवृत्ति २०२१ च्या अखेरीसच बंद होईल. ज्यांनीं तत्परतेनें आठवी घेतली ते उघड्यावर पडले. सातवीवर बसून राहिलेल्यांस मात्र आणखी अडीच वर्षें आधार लाभला. पुढें मार्च २०२४ मध्यें याहून गंभीर गोष्ट उघडकीस आली. मजकूर दाबून लहान करणारें 'एक्सझेड' हें छोटें साधन असंख्य लिनक्स यंत्रांवर असतें. तें एकच गृहस्थ बिनपगारी सांभाळीत होता. जिया टॅन या नांवानें वावरणाऱ्या कोणी त्याचा विश्वास दोन वर्षांहून अधिक काळ संपादून त्यांत चोरदार बसविलें. डेबियन या मुक्त प्रणालीच्या चाचणीच्या शाखांत तें शिरलें. स्थिर शाखेंत पोंचलें नव्हतें. लॉगिन होण्यास अर्धा सेकंद अधिक कां लागतो, अशी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास शंका आली, म्हणून तें सांपडलें. येथेंही धोक्यांत आले ते सर्वांआधीं नवें घेणारेच.

परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अमेरिकेंतील इक्विफॅक्स ही कंपनी लोकांच्या कर्जफेडीची माहिती बाळगते. तिच्या सर्व्हरवरील 'अपाची स्ट्रट्स' या मुक्त साधनांतील भोंक बुजविणारी दुरुस्ती मार्च २०१७ मध्यें निघाली होती. ती लावली गेली नाहीं, आणि मे महिन्यापासून चोर आंत वावरूं लागले. सुमारें १४ कोटी ७० लक्ष लोकांची माहिती गेली; आणि त्यांतील बहुतेकांनीं ती आपण होऊन या कंपनीच्या हातीं दिलीही नव्हती.

मला वाटतें, प्रश्नाचें मर्म येथें आहे. स्वतःच्या संगणकावर भाच्यानें खुशाल जुनेंच चालवावें. परंतु या गाड्यांत दुसरे लोक बसलेले आहेत, आणि धुरेची अवस्था काय आहे हें त्यांस कोणी सांगितलेलें नाहीं. ठेव सांभाळणाऱ्यास स्वतःच्या सवयीचा कौल पुरेसा नाहीं.

मग करावें काय? 'अपडेट' या एकाच शब्दांत आपण दोन गोष्टी कोंबतों: दुरुस्ती आणि नवलाई. डेबियनच्या स्थिर शाखेनें हा भेद नेमका पाळला आहे. साधारणतः दोन वर्षांनीं तिची नवी आवृत्ति निघते. मधल्या काळांत साधनांचीं नवीं रूपें सहसा शिरूं न देतां, सांपडलेल्या दोषाची दुरुस्ती तेवढी जुन्यांत बेतून बसवितात. प्रत्येक आवृत्तीचा असा सांभाळ सुमारें पांच वर्षें होतो. पुण्यास मुख्यालय असलेल्या सी-डॅकची 'बॉस' ही प्रणालीही डेबियनच्याच पायावर उभी आहे. माझ्या मतें धोरण याच भेदावर ठरावें. सुरक्षेच्या दुरुस्त्या यंत्रानें रोज तपासून आपोआप लावाव्या. नवी आवृत्ति आधीं दुसऱ्या संगणकावर चालवून पाहावी, खात्यांची प्रत निराळी काढून ठेवावी, आणि जुनीची मुदत संपण्यापूर्वीं ती घ्यावी.

कोणी म्हणेल, दुरुस्तीनेंही यंत्र बंद पडूं शकतें. होय, शकतें, आणि भाच्याची खरी भीति तीच होती. दुरुस्ती लावून बिघाड झाला तर दुसऱ्याच दिवशीं सभासद त्यास जाब विचारतील. न लावल्यानें वाढणारा धोका मात्र वर्षानुवर्षें कोणाच्या डोळ्यांस दिसत नाहीं. करणाऱ्यास दोष आणि न करणाऱ्यास स्वस्थता, असा जेथें न्याय आहे तेथें एकट्या माणसाकडून धैर्याची अपेक्षा करणें मला योग्य वाटेना. म्हणून मीं त्यास सुचविलें कीं, हा निर्णय संचालकांपुढें लेखी मांडावा, आणि एक दिवस काम बंद राहण्याची जोखीम सर्वांनीं मिळून पत्करावी.

त्यानें तसें पत्र दिलें आहे. डेबियनची स्थिर आवृत्ति घेण्यासाठीं रविवार मागितला आहे. तो मृगापूर्वींचा आहे.