मैला आमचा, जागा तुमची

सेप्टिकची टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसावी, हे ज्ञान आमच्या सोसायटीला ती तुंबल्यावरच होतं. मग टँकर येतो, आम्ही नाकाला रुमाल लावतो, टँकर जातो. कुठे? असं विचारणं सभ्यपणाचं नव्हे!

पण गावाबाहेर मैला-प्रक्रिया केंद्राला परवानगी मिळणार म्हटल्यावर हरकतीच्या अर्जावर पहिली सही अस्मादिकांची! टँकरवाला एवढंच म्हणाला, "साहेब, मग ओढ्यातच ओतू ना?"

वाईला २०१८ साली असं केंद्र सुरू झालं. तिथला ढोल्या गणपती उठून गेल्याचं ऐकिवात नाही; आणि नाकाच्या बाबतीत त्याच्याहून अधिकारी कोण?

सही खोडायला धावलो. अर्ज केव्हाच पोचला होता. टाकी मात्र पुन्हा भरत आली आहे.