तुमचे तारण झाले आहे का?



दुसऱ्या पंथातील एखादे ख्रिस्ती बंधू आपल्याला हा प्रश्न विचारतात, तेव्हा आपण गडबडतो. मग मिस्सा, रोझरी, नोव्हेना, दानधर्म यांची यादी सांगू लागतो. जणू तारण ही आपल्या कष्टांची मजुरीच!

ख्रिस्तसभेची शिकवण तशी नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबर्ग येथे कॅथलिक व ल्युथरन प्रतिनिधींनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. देव आपला स्वीकार करतो तो आपल्या पुण्याईमुळे नव्हे, तर केवळ कृपेने. आणि तीच कृपा आपल्याला सत्कृत्यांचे बळ देते, हे दोघांनी एकमुखाने मान्य केले. २००६ साली मेथडिस्ट बांधवांनीही त्यास संमती दिली.

मतभेद उरतो तो खात्रीविषयी. काही पंथ मानतात की, एकदा झालेले तारण गमावता येत नाही. आपण मानतो की, देव विश्वासू आहे, पण आपण त्याचे घर सोडून जाऊ शकतो. म्हणूनच आपल्याला प्रायश्चित्त संस्काराची गरज भासते.

मात्र उधळ्या पुत्राचा थोरला भाऊ आठवू या. त्याने घर कधीच सोडले नाही, तरी तो पित्याला आपल्या चाकरीचा हिशेब ऐकवत राहिला. घरात राहूनही तो पुत्र उरला नाही. आपलेही तसेच झाले आहे का?

यापुढे कोणी विचारले, तर नम्रपणे सांगू या : स्नानसंस्कारात प्रभूने आमचे तारण केले, आजही तो करीत आहे आणि तोच ते पूर्णत्वास नेईल, अशी आमची आशा आहे.