नावाचे धनी, नावाचे दास

माणसाने आपले नाव भूमीला द्यावे, की भूमीने माणसाला नाव द्यावे, हा प्रश्न वरवर पाहता भाषेचा वाटतो. आमच्या मते तो नीतीचा आहे. महाराष्ट्रात माणूस गावाचे नाव लावतो. वाशीमचा माणूस वाशीमकर होतो, आणि पुढे पिढ्यान्पिढ्या गाव सुटले तरी आडनावात ते गाव सांभाळून ठेवतो. ह्या रीतीत एक कबुली दडलेली आहे: आपण ह्या मातीचे आहोत, ही माती आपल्या मालकीची नव्हे. राज्यकर्त्यांची रीत बहुधा ह्याच्या उलट असते. त्यांचे पाऊल जेथे पडते तेथे त्यांच्या नावाची पाटी उभी राहते, आणि गावाने त्यांचे व्हावे अशी अपेक्षा धरली जाते.

आम्ही ज्या वाशीम जिल्ह्यात राहतो तो १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला; इंग्रजी अमदानीतही १९०५ सालापर्यंत वऱ्हाडात 'बाशीम' नावाचा स्वतंत्र जिल्हा होताच. ह्या परिसरातील गावांची नावे ह्या दृष्टीने तपासून पाहण्याजोगी आहेत. वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी. ज्याच्या काळात अजिंठ्याच्या लेण्यांना बहर आला तो हरिषेण राजा ह्याच शाखेचा. तरीही गावाने राजाचे नाव घेतले नाही. परंपरा ते नाव वत्स ऋषींच्या तपाशी जोडते. कारंज्याचे नाव करंज ऋषींशी जोडले जाते. मंगरूळपीरच्या नावात तर पीर उघडच बसलेला आहे. राजे आले, कर घेतला आणि गेले. लोकांनी नावात ठेवले ते तपस्व्यांना.

ह्या पार्श्वभूमीवर आपल्याच महाराष्ट्रातील एका परक्या नावाकडे पाहावे असे आम्हांला वाटते. महाबळेश्वरच्या पठारावर इंग्रजांनी जी वसाहत वसविली तिला 'माल्कमपेठ' असे नाव पडले. १ नोव्हेंबर १८२७ ते १ डिसेंबर १८३० ह्या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेले सर जॉन माल्कम ह्यांच्या नावावरून ती ओळखली जाऊ लागली. १८२९ साली साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज ह्यांच्याकडून हा प्रदेश घेण्यात आला, व मोबदल्यात वाई भागातील खंडाळा हे गाव त्यांना देण्यात आले. थंड हवेच्या शोधात निघालेल्या गोऱ्या साहेबांसाठी बंगले, रस्ते आणि बाजार उभे राहिले, आणि बाजाराच्या माथ्यावर एक स्कॉटिश आडनाव कोरले गेले.

ह्या आडनावाचा अर्थ मात्र ऐकण्यासारखा आहे. माल्कम हे गेलिक भाषेतील नाव. त्याचे मूळ रूप 'माल कोलुम' असे काहीसे आहे. 'माल' म्हणजे मुंडन केलेला, अर्थात कोणा संताच्या चरणी वाहून घेतलेला सेवक. आणि 'कोलुम' म्हणजे संत कोलुंब. मराठीत सांगायचे तर माल्कम म्हणजे 'कोलुंबदास'. आपल्याकडे रामदास, देवीदास अशी नावे ठेवतात, अगदी त्याच जातकुळीचे हे नाव. गेलिक आडनावांत अशी उदाहरणे पुष्कळ आहेत. 'गिलख्रिस्ट' म्हणजे ख्रिस्तदास. शालेय पुस्तकांमुळे आपल्या परिचयाचे झालेले 'मॅकमिलन' म्हणजे मुंडन केलेल्याचा पुत्र. एका श्रद्धावंत लोकसमूहाने आपली भक्ती आडनावांत साठवून ठेवली होती, असेच म्हणावे लागेल.

हा कोलुंब कोण? आयर्लंडमधील एका राजवंशीय घराण्यात इसवी सन ५२१ च्या सुमारास तो जन्मला. त्याच्या लॅटिन नावाचा अर्थ कबुतर. पण तरुणपणी हे कबुतर फारसे शांत नसावे. एका स्तोत्रग्रंथाच्या नकलेवरून उद्भवलेला कलह लढाईपर्यंत गेला, अनेकांचे प्राण गेले, आणि त्याचे प्रायश्चित्त म्हणून त्याने मायभूमी सोडली, अशी परंपरा सांगते. ५६३ साली तो आयोना नावाच्या चिमुकल्या बेटावर उतरला. तेथे त्याने मठ स्थापिला, स्कॉटलंडमध्ये शुभवर्तमान पोहोचविले, आणि ५९७ साली तेथेच देह ठेवला. ज्याने आपला वंश, आपला देश आणि आपला मान मागे टाकला, त्याचे दास म्हणवून घेण्यात पुढे राजांनाही भूषण वाटले. अकराव्या शतकातील स्कॉटलंडचा राजा तिसरा माल्कम हा त्यांपैकीच एक. त्याची राणी मार्गारेट हिला ख्रिस्तसभेने १२५० साली संतपद दिले. राजाला स्वतःला वाचता येत नसे, परंतु राणीचे प्रार्थनाग्रंथ तो हाती घेऊन त्यांचे चुंबन घेई, असे तिच्या चरित्रकाराने नमूद केले आहे. शिरवाडकरांनी 'राजमुकुट' ह्या नावाने मराठी रंगभूमीवर आणलेल्या शेक्सपिअरच्या शोकांतिकेतील खून झालेल्या राजाचा पुत्र तो हाच.

तेव्हा महाबळेश्वरच्या बाजारावर जे नाव चढले ते मुळात धन्याचे नव्हते, दासाचे होते. १५६० साली स्कॉटलंडमध्ये धर्मसुधारणा झाली. संतांची भक्ती मागे पडली, तरी आडनावे राहिली. शब्दातील प्रार्थना विझली आणि शब्द उरला. मग तो शब्द सैन्याबरोबर समुद्र ओलांडून आला. कोवळ्या वयातच जॉन माल्कम कंपनीच्या नोकरीत शिरले. १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरच्या लढाईत होळकरांच्या फौजेविरुद्ध लढले. १८१८ च्या जूनमध्ये दुसरे बाजीराव पेशवे त्यांच्याच स्वाधीन झाले. न्याय करायचा तर हेही सांगितले पाहिजे की, हे गृहस्थ केवळ तलवारबहाद्दर नव्हते. त्यांनी इराणचा इतिहास लिहिला, मध्य हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला, आणि पेशव्यांना सालीना आठ लाख रुपयांचे वेतन कबूल केले, जे त्यांच्या वरिष्ठांनाही अवाजवी वाटले. माणूस उमदा होता. पण उमदेपणाने विजय हा विजयच राहतो. ज्या प्रतापसिंह महाराजांकडून माल्कमपेठेची भूमी मिळाली, त्यांनाच पुढे १८३९ साली कंपनी सरकारने पदच्युत केले आणि १८४७ साली काशीत हद्दपारीतच त्यांचा अंत झाला. तोपर्यंत माल्कम स्वतः दिवंगत झाले होते, आणि त्या कृत्याचा दोष आम्ही त्यांच्या माथी मारीत नाही. परंतु ज्या सत्तेने एका माणसाचे नाव डोंगरावर कोरले, त्याच सत्तेने दुसऱ्याचे नाव गादीवरून पुसले, हे विसरता येत नाही.

आणखीही एक गोष्ट विसरता येत नाही. त्या काळी महाबळेश्वरच्या तुरुंगात चिनी कैदी ठेवलेले असत. बटाटा व इतर विलायती भाज्यांची बागायत तेथे भरभराटीला आली ती बव्हंशी त्यांच्या श्रमांनी. साहेबांच्या टेबलावर ती भाजी गेली. एल्फिन्स्टन, विल्सन, लॉडविक अशी नावे कड्याकड्यांना मिळाली. ज्यांनी वाफे खणले त्यांच्यापैकी एकाचेही नाव त्या यादीत नाही. याउलट बोरघाटाचा गाडीरस्ता पाहावा. १८३० साली माल्कम ह्यांच्याच कारकिर्दीत तो वाहतुकीस खुला झाला आणि पुणे-मुंबईचे दळणवळण त्याने पालटले. त्या घाटाला कोणी माल्कमचे नाव दिले नाही. तो बोरघाटच राहिला. नावावाचून उपयोग अडला नाही, आणि नाव असूनही माल्कमपेठेला लोक महाबळेश्वर म्हणायचे थांबले नाहीत. जनतेच्या जिभेने शेवटी देवाचेच नाव राखले.

पवित्र शास्त्र ह्या बाबतीत फार मार्मिक आहे. माणसाचे नाव मिळालेले पहिले नगर कोणी बांधले? काइनाने. भावाच्या रक्ताने हात माखलेल्या, भूमीवर भटकंतीची शिक्षा मिळालेल्या त्या माणसाने नगर उभारले आणि त्याला आपल्या पुत्राचे, हनोखाचे नाव दिले. ज्याला कोठेच ठाव नाही असे वाटते, तोच नाव ठोकून ठाव मिळवू पाहतो. बाबेलचा बुरूज बांधणाऱ्यांचीही हीच धडपड होती: आपले नाव व्हावे. ह्यांच्यासमोर याकोब ठेवून पाहा. तोही पळपुटाच होता, भावाला फसवून निघालेला. पण धोंडा उशाला घेऊन निजलेल्या त्या जागी त्याला परमेश्वराचे दर्शन घडले, तेव्हा त्याने त्या स्थळाला आपले नाव दिले नाही. त्याने त्याला बेथेल म्हटले, म्हणजे देवाचे घर. आपल्या जमिनींना आपली नावे देणाऱ्यांचेही शेवटचे घर कबरच असते, असे एकोणपन्नासाव्या स्तोत्राचा कर्ता बजावतो. अपराधी काइनही होता आणि याकोबही. फरक पडला तो नाव देताना दोघांची दृष्टी कोठे होती ह्यात.

येथे कोणी म्हणेल की, फादर, नाव देणे ही कृतज्ञताही असू शकते. उपकारकर्त्याचे नाव कोरले तर बिघडले कुठे? आक्षेप रास्त आहे. १७९५ ते १८११ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर असलेले जोनाथन डंकन ह्यांचेच उदाहरण घ्या. डंकन हेही गेलिक नाव. वर उल्लेखिलेल्या नाटकातील खून झालेल्या राजाचे नाव तेच. मुंबईत त्यांच्या नावाचा रस्ता होता, त्याला पुढे मौलाना आझादांचे नाव मिळाले. शीव आणि कुर्ला ह्यांना जोडणारा बांध १८०५ साली पुरा झाला, तोही त्यांच्याच नावाने ओळखला जाई. ती पाटीही आता कोणाच्या स्मरणात नाही. परंतु मुंबईच्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये त्यांचे जे स्मारक आहे त्यावर, काशी आणि काठेवाड येथील बालहत्येची प्रथा बंद करण्यासाठी त्यांनी केलेल्या कार्याची नोंद आहे. रस्ता गेला, बांधाचे नाव गेले. जन्मतःच मारल्या जाणाऱ्या मुलींसाठी एका माणसाने हात उचलला, ही गोष्ट उरली. कृतज्ञता नावाला चिकटत नाही, कृत्याला चिकटते.

वाशीममध्येच पाहायचे तर नाझरेन मिशनचे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल आहे. पाटीवर त्या मंडळीच्या एका ज्येष्ठ धर्मनेत्याचे नाव आहे. दवाखाना उभा करण्यासाठी १९३० च्या दशकात येथे येऊन झिजल्या त्या मात्र डॉ. ऑर्फा स्पायकर. ज्यांनी पायाचे दगड वाहिले त्यांनी दुसऱ्याचे नाव दारावर लागू दिले. आमचा संप्रदाय वेगळा असला तरी ह्या त्यागापुढे मस्तक नम्र होते.

नावे पुसण्याची घाईही आम्हांला तितकीशी भावत नाही. २०१८ साली मुंबईचे एल्फिन्स्टन रोड स्थानक प्रभादेवी झाले. परक्या सत्तेची पाटी उतरावी ह्यात गैर काही नाही. पण एक पाटी उतरवून दुसरी चढविताना तोच मालकीचा मोह नव्या हातांत आला, तर बदलले ते केवळ अक्षर. अमेरिकेतील माल्कम एक्स ह्यांची कथा ह्यासंदर्भात विचारात घेण्यासारखी आहे. १९२५ साली जन्मलेल्या ह्या कृष्णवर्णीय पुढाऱ्याने 'लिटल' हे आडनाव टाकले, कारण ते त्यांच्या पूर्वजांना गुलाम करणाऱ्या धन्याचे होते, आणि हरवलेल्या खऱ्या नावाच्या जागी केवळ फुलीसारखे एक अक्षर लावले. एका माणसाचे नाव दुसऱ्या माणसावर लादले म्हणजे काय होते, हे त्या एका फुलीत दिसते. तरी 'माल्कम' हे नाव त्यांच्या वाट्याला राहिलेच. त्याच नावाचा एक माणूस राजप्रतिनिधी होता आणि दुसरा गुलामांचा वंशज. दोघांनाही नकळत ते नाव एका संताचे दास म्हणवीत होते.

हा सारा विचार आम्ही दूरच्या डोंगरासाठी मांडीत नाही. आपल्या धर्मग्रामात सभागृह बांधायचे ठरले की पहिला प्रश्न पैशाचा निघतो आणि दुसरा नावाचा. बाकावर दात्याचे नाव, फरशीवर नाव, पंख्याच्या पात्यावरही नाव. आणि पंखा सुरू झाला की ते कोणालाच वाचता येत नाही. दिवंगत मातापित्यांच्या स्मरणार्थ दान देणाऱ्या कुटुंबाची भावना आम्ही जाणतो, तिचा अनादर करीत नाही. परंतु मोठी पाटी लावली जाते तेव्हा त्याच सभागृहाच्या विटा वाहणारी, दर रविवारी झाडू मारणारी, पेटीत पाच रुपये टाकणारी विधवा त्या भिंतीवर कोठे असते? तिचे दान सर्वांहून मोठे असे प्रभू येशूने सांगितले, आणि शुभवर्तमानात तिचे नावसुद्धा नाही. तीन कसोट्या आम्ही सुचवितो. नाव दात्याने मागितलेले नसावे, लोकांनी दिलेले असावे. ते दानाच्या रकमेसाठी नसावे, सेवेसाठी असावे. आणि त्या नावाने दुसऱ्याचे श्रम झाकले जाऊ नयेत. ह्या कसोट्यांना जे नाव उतरेल ते खुशाल लावावे.

स्नानसंस्काराच्या वेळी धर्मगुरू आईबापांना विचारतो, बाळाचे नाव काय ठेवले? तेव्हा आपण फ्रान्सिस म्हणतो, मार्गारेट म्हणतो, तेरेजा म्हणतो. त्या क्षणी आपण लेकराला एका संताच्या पदरी घालतो. गेलिक शेतकऱ्याने 'माल कोलुम' म्हणताना नेमके हेच केले होते. आपले नाव मुळात कोणाची तरी सेवा सांगणारे आहे, हे ज्या घराला आठवते त्या घराला डोंगरावर पाटी लावण्याची घाई होत नाही. त्याचे नाव जेथे लिहिले जायचे ती वही वेगळी आहे, आणि ती कोणत्याही नगरपालिकेच्या कचेरीत नाही.